लाल चिठ्ठीच्या पाठीवर

वाचनालयात कर्लेकर सर म्हणाले होते,
रोज एक ओळ लिहा.
काही सुचलं नाही तर खिशात हात घाला,
जे हाताला लागेल त्याच्यावर लिहा.

माझ्या एप्रनच्या खिशात
बसपास, अर्धी सुपारी, खडूचा तुकडा
आणि रिजेक्शनच्या लाल चिठ्ठ्यांचं पुडकं.
पुढं छापलेलं: नग क्रमांक, दोष, सही.
मागची बाजू कोरी.
सरांचं 'त्याच्यावर'
मी सरळ अर्थानं घेतलं.

उद्यमबागेत आठची शिफ्ट.
त्याआधी चौथ्या गेटावर फाटक पडतं.
सायकली, स्कूटर, कोथिंबिरीची पाटी, एक म्हैस,
आणि म्हशीची मालकीण
तिला हाकते मराठीत
नि फोनवर भांडते कानडीत.
ही माझी पहिली ओळ.
तशीच उतरवली, काही केलं नाही मी तिला.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही.
मग लिहिलं: आज डब्यात परत वांगं.
लाज वाटली, खोडलं.
पुढं चार दिवस चांदणं, पाऊलवाट, मन वगैरे लिहून झाल्यावर
कळलं, वांग्याची ओळ बरी होती.

आमच्यात पंपाची बॉडी ओततात.
लोखंड निवलं, वाळू झाडली
की ती आमच्या टेबलावर.
इराप्पा हुक्केरी तिच्यावर हातोडी वाजवतो,
डोळे मिटून, मान जरा उजवीकडं,
विहिरीत खडा टाकून ऐकावं तसा.
चांगली असली तर ठण्ण.
ते ठण्ण पार पत्र्यापर्यंत जातं, रेंगाळतं.
आत तडा असला तर
भद्द.
वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

घरी आले की मी ओळ मोठ्यानं वाचते.
पोरगं विचारतं, आई, कुणासंगं बोलतीस?
'आयुष्याच्या वाटेवर' असं काहीतरी लिहिलं होतं एकदा,
कुणाच्या तरी सत्कारात ऐकलेलं.
वाजवून बघितलं.
भद्द.
चिठ्ठी उलटी केली, दोषाच्या रकान्यात लिहिलं:
दुसऱ्याचा माल.
खाली सही.

मार्चमध्ये एका उजेडानं मला अडवलं.
पावणेपाचला छपराच्या फायबरमधनं उतरतो तो,
धूर, काजळी, वाळू यांतून गळून.
भट्टीचा लाल त्यात मिसळत नाही,
बाजूला उभा राहतो.
मला त्या उजेडाचं नाव पाहिजे होतं.
अंधूक म्हणून बघितलं. धूसर. मळकट.
आठ दिवस गेले, आठ चिठ्ठ्या गेल्या.
शेवटी इराप्पाला विचारलं,
ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
हातोडी खाली न ठेवता त्यानं वर बघितलं.
"मब्बु."
म्हणजे काय?
"म्हणजे हेच की, अक्का. बघा की वर."

लिहिलं: मब्बु.
बाजूचे मराठी शब्द जरा सरकून बसले.

वाचनालयात ती ओळ वाचली तेव्हा
मागच्या बाकावरनं कोणीतरी म्हणालं,
मराठी शब्द नव्हता काय ह्याला?
होता, म्हटलं, तीन होते. वाजले नाहीत.
कुणाला काही कळलं नाही.
सर बशीत चहा ओतत होते,
त्यांनी तो जास्तच वेळ ओतला.

आता इराप्पा जूनमध्ये रिटायर होतोय.
काल जेवणाच्या सुट्टीत म्हणाला,
त्या चिठ्ठ्यांच्या मागं काय लिहिता ते वाचा बघू एक.
मी म्हशीची वाचली.
त्यानं डोळे मिटले होते,
मान जरा उजवीकडं.
घास तोंडात तसाच.
मी थांबले. हातातला कागद घामानं ओला.
"इन्नोम्मे," म्हणाला.
म्हणून परत एकदा वाचली, सावकाश,
आणि तेवढ्यात जोशिलकर दारातनं ओरडला,
चाळीस नग पडलेत अजून,
उठताय काय?